धायटीच्या फांदीवर कोयता

जबलपूरच्या मराठी घरात बाळंतीण असली की दशमूलारिष्टाची बाटली ओट्यावर येतेच. अशोकारिष्ट, कुमारी आसव यांचीही ये-जा असते. बाटलीवरची घटकांची यादी मात्र शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. वाचली, तर तिच्यात धातकी सापडेल. हीच आपली धायटी, इकडच्या बोलीतली धवई.

डोंगरउतारावरचं हे झुडूप हिवाळा सरता सरता लाल होऊन जातं. फुलं फांदीला चिकटून, झुबक्याझुबक्यांनी. दिसतो तो लाल भाग पाकळ्यांचा नव्हेच, ती निदलपुंजाची नळी. पाकळ्या एवढ्याशा, पटकन लक्षातही न येणाऱ्या. नळीच्या तळाशी मध असतो. गुरांमागची पोरं फूल उपटून तो चोखतात. मेंदी आणि डाळिंब या झुडपाच्याच कुळातले. फुलांनी रेशीम रंगवत, पोट बिघडलं की वाळक्या फुलांचं चूर्ण दह्यातून देत.

पण आज मागणी आहे ती आसवारिष्टांसाठी. गूळ घातलेल्या काढ्यात ही फुलं टाकून भांड्याचं तोंड बांधलं की फुलांवरचं रानटी यीस्ट कामाला लागतं. महिनाभरात साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क आपोआप तयार. (कडक निर्व्यसनी घरांतही तो दोन वेळा रिचतो, ते असो.)

फूल विकलं जातं वाळवून, किलोवर. वाळल्यावर त्याला वजन ते किती! दिवसभर खुडून हाती फारसं लागत नाही, म्हणून घाईच्या वेळी कोयता चालतो आणि अख्खी फांदीच खाली येते. दोष तोडणाऱ्या बाईचा नाही, भावाचा आहे. फळ त्या लाल नळीतच धरतं; झुडूप पार ओरबाडलं, तर बी पडणार कुठून?

जबलपुरात राज्य वन संशोधन संस्था १९६३ पासून आहे, उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ पासून. तेव्हा जाणकारांची वानवा नाही. वानवा आहे ती हातानं खुडलेल्या फुलाला चार पैसे जास्त देणाऱ्या गिऱ्हाइकाची. आसवं करणाऱ्या कारखान्यांनी ते द्यावेत आणि खरेदीच्या अटींत एक ओळ घालावी: काटक्या मिसळलेला माल घेतला जाणार नाही.