मांजराचा खेळ, लव्हबर्डचा जीव

घरातल्या मांजराने घरातल्याच पक्ष्यावर झडप घातली की पुढचा क्रम साधारण ठरलेला असतो. एक जण किंचाळतो. दुसरा चप्पल घेऊन मांजराच्या मागे धावतो. तिसरा किचनमधून हळदीचा डबा आणतो. तोवर पक्षी सुटलेला असतो, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसलेला असतो. दोन-चार पिसं खाली पडलेली, रक्त मात्र कुठेच नाही. मग सगळे वाकून बघतात आणि कुणीतरी निकाल देतं, ‘‘ठीक वाटतोय रे. आत्ता रात्री कुठे डॉक्टर शोधायचा? सकाळी बघू.’’

माझा आक्षेप या ‘सकाळी बघू’ला आहे. झडपेतून वाचलेला जीव पुष्कळदा या दोन शब्दांनी जातो. आणि मांजराला जितक्या शिव्या बसतात, त्यातली एकही या शब्दांच्या वाट्याला येत नाही.

कर्वेनगरमधला विद्यार्थ्यांचा कुठलाही टूबीएचके डोळ्यांसमोर आणा. कमिन्सच्या आसपासचा, राजाराम पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा किंवा वारज्याच्या बाजूचा. सोलापूर, लातूर, जळगावहून आलेले चार जण एकत्र राहतात. एकीने पार्किंगमधलं मांजराचं पिल्लू पावसात भिजतंय म्हणून वर आणलेलं असतं. दुसरीला वाढदिवसाला कुणीतरी लव्हबर्डची जोडी किंवा हॅमस्टर गिफ्ट दिलेला असतो. दोघींचे दोन जीव, घर एकच. वायफाय, गॅस, कामवाल्या मावशींचा पगार, सगळ्याचा हिशेब ॲपवर चोख. पण तुझ्या मांजराने माझ्या पक्ष्याला धरलं तर काय करायचं, हे कधीच कुणी बोललेलं नसतं. म्हणूनच तो प्रसंग येतो तेव्हा पहिला अर्धा तास भांडणात जातो. आणि नेमका तोच अर्धा तास महाग असतो.

का, ते समजून घ्यायला थोडं शरीरशास्त्र पुरेसं आहे. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक असतात. ते आत खोल जातात आणि बाहेर काढले की वरची कातडी जवळजवळ मिटते. त्यावर पिसं किंवा केस. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पण बहुसंख्य मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. मांजराला त्यांचा काही त्रास नसतो. ते पक्ष्याच्या शरीरात गेले तर रक्तात पसरतात आणि एक-दोन दिवसांत पक्षी मरू शकतो. यावर उपाय अँटिबायोटिकचा, तोही लवकर सुरू केलेला. हळद कितीही गुणाची असली तरी मिटलेल्या जखमेच्या तळाशी पोचत नाही.

दुसरा मुद्दा आकाराचा. बजरीगर, म्हणजे आपण ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणून विकत आणतो तो छोटा रंगीत पक्षी, साधारण 30 ते 40 ग्रॅमचा असतो. पक्ष्यांच्या शरीरात वजनाच्या जवळपास एक दशांश रक्त असतं. म्हणजे त्याचं सगळं रक्त मिळून तीन-चार मिलिलिटर. चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही. आपल्याला ‘दोन-चार थेंब’ वाटणारं रक्त त्याच्यासाठी किती असेल, विचार करा.

तिसरा मुद्दा आपल्याला सगळ्यात जास्त फसवतो. पक्षी, ससा, गिनी पिग, हॅमस्टर ही सगळी निसर्गात शिकार होणारी मंडळी. दुबळेपणा दाखवला की शिकारी आधी तुम्हालाच निवडतो, त्यामुळे दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच आहे. ‘शांत बसलाय, म्हणजे बरा आहे’ हे माणसाचं गणित त्यांना लावायचं नसतं. अंग फुगवून, डोळे अर्धवट मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी शांत नसतो. चोच उघडी ठेवून, शेपटी वर-खाली हलवत श्वास घेत असेल तर त्याची अवस्था वाईट असते.

सशाचं तर आणखी वेगळं. कुत्र्याने ससा तोंडात धरून एकदा झटकला तरी आत मार लागू शकतो, बाहेर ओरखडाही नसताना. आणि ‘तो फक्त खेळत होता’ हे कुत्र्याच्या बाजूने खरं असलं तरी सशाला त्याचा उपयोग नाही. घाबरलेला, दुखावलेला ससा खाणं सोडतो. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास त्याने काहीच खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती इमर्जन्सी असते. म्हणजे रात्री अकराला घडलेल्या प्रकारानंतर ‘सकाळी बघू’ म्हणून झोपलात, नऊला उठलात, दहाला कॉलेज गाठलंत, तर ती मर्यादा तुम्ही जवळजवळ संपवलेली असते.

मग त्या रात्री करायचं काय? आधी दोन्ही प्राणी वेगळ्या खोल्यांत ठेवायचे आणि दार खरंच बंद आहे ना, ते बघायचं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ सुती कापड घालून जखमी जिवाला त्यात ठेवायचं. अंधार, शांतता आणि ऊब ही त्याची पहिली औषधं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम वाटलं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉज किंवा सुती कापड काही मिनिटं हलकं दाबून धरा. कापूस नको, तो चिकटतो. चोचीत किंवा तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पक्ष्याच्या अंगाला मलम फासू नका, पिसं तेलकट होऊन त्याची ऊब जाते. आपली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम कुणालाच नाही. घरात पडलेलं उरलेलं अँटिबायोटिकही नाही. ससा, गिनी पिग, हॅमस्टर यांच्या पोटात अमॉक्सिसिलिनसारखं औषध गेलं तर आतड्यातले चांगले जिवाणू मरून जुलाबाने जीव जाऊ शकतो. माणसाचं नेहमीचं औषध त्यांच्यासाठी विष ठरू शकतं. फोटो काढायचा असेल तर डॉक्टरांना पाठवण्यापुरता एक काढा, स्टोरीला नंतर वेळ आहे.

आणि हे सगळं डॉक्टरकडे नेईपर्यंतचं. डॉक्टरऐवजी नाही.

फोन करताना पहिला प्रश्न विचारा, ‘‘तुम्ही पक्षी किंवा ससा बघता का?’’ कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर या छोट्या जिवांवर उपचार करतात असं नाही. हा फोन शांत डोक्याने आधीच करून ठेवायचा असतो. पुण्यात औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. पण त्यातला कुठला रात्री उघडा असतो आणि कुठले डॉक्टर पक्षी हातात घेतात, हे रात्री साडेअकराला गुगलवर शोधणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं. फ्रिजच्या दारावर मेसवाल्या काकूंच्या नंबरखाली हा एक नंबर चिकटवायला काय हरकत आहे? भांडण सोडवताना मांजराने किंवा कुत्र्याने तुम्हाला चावलं-ओरबाडलं असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी सरकारी रुग्णालय गाठा. त्या बाबतीतही ‘सकाळी बघू’ नको.

आता खरा अडसर. तो माहितीचा नाही, पैशांचा आहे. ‘‘काहीशे रुपयांच्या पक्ष्यावर हजारभर रुपये घालवायचे? त्यात नवीन जोडी येईल!’’ हे वाक्य वाईट माणसं बोलत नाहीत. महिनाअखेरीला वडापाववर दिवस काढणारी, चांगली मुलं बोलतात. त्यांची अडचण मी नाकारत नाही. पण हिशेब चुकीच्या वस्तूचा चाललाय. दुकानातली किंमत हा त्या जिवाला घरी आणण्याचा खर्च होता. त्याला दुखतं तेव्हा काय करायचं, याचा दर त्या पावतीवर छापलेला नव्हता.

कायद्याकडेही बघून झालं. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960चा. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या भल्याची काळजी घ्यायची आणि त्याला विनाकारण वेदना होऊ द्यायच्या नाहीत, हे कर्तव्य त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला त्यातला दंड 10 ते 50 रुपये. कर्वेनगरच्या चौकात दोन चहा आणि एक क्रीमरोल तेवढ्याच पैशांत येतात. म्हणजे दुकानाच्या लेखी या जिवाची किंमत काहीशे रुपये आणि कायद्याच्या लेखी जास्तीत जास्त पन्नास. उरलेली किंमत आपणच ठरवायची असते, आणि ती ठरते अशाच एखाद्या रात्री.

काही जण म्हणतात, मांजर पक्षी धरणारच, निसर्गाचा नियम आहे. पहिला भाग शंभर टक्के मान्य. मांजराला मारून काहीही साध्य होत नाही. त्याला चपलेचा अर्थ ‘शिकार करू नये’ असा लागत नाही, ‘ही माणसं भयंकर आहेत’ एवढाच लागतो. पण दुसरा भाग मान्य नाही. जंगलात पक्ष्याला उडून जाता येतं, सशाला बिळात शिरता येतं. आपण एकाला पिंजऱ्यात घातलं, दुसऱ्याला गुळगुळीत टाइल्सवर सोडलं आणि शिकाऱ्याला त्याच खोलीत गादी दिली. पळायची वाट आपण बंद केली आणि नाव निसर्गाचं घेतोय. मांजराची चूक नाही, पण दाराची कडी मांजराच्या हातात नसते.

म्हणून माझं मत असं : ज्या फ्लॅटमध्ये शिकारी आणि शिकार दोघंही आहेत, तिथे तीन गोष्टी भाड्याच्या करारासारख्या आधीच ठरायला हव्यात. एक, घरी कुणी नसताना आणि रात्री कोणता प्राणी कुठल्या बंद दारामागे राहील. बाल्कनीच्या ग्रिलला टांगलेला पिंजरा हे उत्तर नाही. मांजराचा पंजा तारांतून आत जातो. दोन, कुणाचाही प्राणी असो, डॉक्टरचा खर्च चौघांत वाटला जाईल. त्यासाठी महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये बाजूला पडले तरी वर्षाला चार हजार आठशे होतात. तीन, ‘कुणाची चूक’ ही चर्चा डॉक्टरकडून परत आल्यावर. यातलं काही जमणार नसेल तर दुसरा प्राणी आणायचा नाही. वाढदिवसाला तर मुळीच नाही. ज्याला जीव गिफ्ट मिळतो त्याला त्याची जबाबदारीही मिळते, आणि ती त्याने मागितलेली नसते.

एक बाब उघडपणे बोलायला हवी. जखमी झालेला पक्षी आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट असेल, तर पुष्कळ लोक डॉक्टरकडे जायलाच घाबरतात. कारण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळता येत नाही. आजीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ‘मिठू’ होता, हे खरंच. तरीही तो बेकायदाच होता. त्या भीतीची शिक्षा मात्र पक्ष्याला होते. लपवत बसू नका, वन विभागाचा हेल्पलाइन नंबर 1926 आहे. तुमच्या मांजराने बाहेरून बुलबुल किंवा खारुताई धरून आणली, तरीही हाच नंबर. त्यांना घरी ठेवून ‘मी बरं करतो’ असा प्रयोग करायचा नाही. बावधनला वन्यप्राण्यांच्या उपचारांचं केंद्र आहे, तिथे ते काम जाणकार करतात.

एवढं करूनही प्रत्येक जीव वाचतो असं नाही. डॉक्टर कधी कधी मान हलवतात. पण तेव्हाही त्याच्या वेदना कमी करता येतात आणि तेसुद्धा उपचारच आहेत. रात्रभर एका कोपऱ्यात, ज्याने धरलं त्याच मांजराच्या वासात, एकटं थरथरत राहणं आणि उबदार खोक्यात, वेदनाशामक औषध मिळून शांत होणं, यात फरक आहे. तो फरक करायला पशुवैद्य व्हावं लागत नाही. रिक्षा बोलवावी लागते आणि खोकं मांडीवर घट्ट धरावं लागतं.

आपली पिढी प्राण्यांवर प्रेम करते, याबद्दल मला शंका नाही. आपल्या रील्स बघा, वॉलपेपर बघा, पार्किंगमध्ये ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या बघा. पण गोंडस प्राण्यावर प्रेम करणं सोपं असतं. 35 ग्रॅमच्या, न ओरडणाऱ्या, जखम न दाखवणाऱ्या जिवासाठी रात्री बाराला पायात चप्पल घालून बाहेर पडणं हा वेगळा विषय आहे. ती चप्पल मांजराच्या मागे धावायला नव्हे, दवाखान्यात जायला घाला.