रिटायर साहेब आणि आपली फाईल



पाथरीच्या बैठकीला जिंतूरकडचे आंध बांधव आले होते. वनहक्काचे दावे वरच्या समितीत पडून आहेत, ही त्यांची जुनीच कथा. पण एकानं नवीन सांगितलं. एका कचेरीबाहेर तिथलाच रिटायर झालेला बाबू बसतो. म्हणतो, "फाईल कुठं दबलीय ते मला ठाव हाय, खर्चापाण्याचं बघा." काल खुर्चीत होता, आज झाडाखाली. दाव्याला फी नसते, दावा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, हे आपल्या माणसाला माहीत नाही, म्हणून त्याचं दुकान चालतं.

बाबूला शिव्या देऊन भागत नाही. वर हेच काम एसीत बसून चालतं आणि त्याला सल्लागार म्हणतात.

साताऱ्याकडं तारळी इथं अदानी ग्रीनचा १,५०० मेगावॅटचा प्रकल्प येऊ घातलाय. पाणी वर चढवायचं, खाली सोडून वीज करायची. असे प्रकल्प पर्यावरणासाठी तपासणारी केंद्राची तज्ज्ञ समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नव्यानं नेमली. तिच्यात जनार्दन चौधरी होते. आधी ते एनएचपीसी या सरकारी वीज कंपनीत संचालक, रिटायर झाल्यावर अदानी ग्रीनचे सल्लागार. पुढच्याच महिन्यात तारळीचा कागद याच समितीपुढं आला. बोभाटा झाल्यावर चौधरी म्हणाले, त्या चर्चेत मी भाग घेतला नाही. नसेलही घेतला. आम्ही त्यांना चोर म्हणत नाही. पण कंपनीचा माणूस समितीवर नेमताना दिल्लीत कुणालाच खटकलं नाही?

नियम आहे, पण कसला! बड्या अधिकाऱ्याला रिटायर झाल्यावर एक वर्षाच्या आत खाजगी कंपनीत जायचं तर सरकारची परवानगी लागते. आधी ही मुदत दोन वर्षं होती, ती कमी केली. निवडणुकीला तर तेवढीही आडकाठी नाही. मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१४ मध्ये नोकरी सोडली, मे महिन्यात ते खासदार. मध्ये काही काळ जाऊ द्यावा असं निवडणूक आयोगानं २०१२ मध्ये सुचवलं होतं, सरकारनं ऐकलं नाही. अमेरिकेत कंपनीसाठी सरकारदरबारी वजन टाकणाऱ्याला १९९५ च्या कायद्यानं नाव नोंदवावं लागतं. आपल्याकडं तशी वहीच नाही.

कुणी म्हणेल, रिटायर माणसानं पोट भरू नये का? भरावं की. गावात येऊन दावे लिहायला मदत करावी, आम्ही चहा पाजू, भाकरी घालू. पण फाईलची वाट त्याला सरकारी पगारावर कळली, आणि तो पगार तुमच्याआमच्या पैशातून झाला.

तोवर वही आपणच घालू. जमिनीचा, जंगलाचा कागद घेऊन कुणी साहेब गावात आला, तर त्याचं नाव, आज तो कुणासाठी आलाय आणि आधी कोणत्या खात्यात होता, हे तिन्ही ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. त्याची सही घ्या. नकल पुढच्या बैठकीला पाथरीला आणा.