मनाउस : अरण्यातले महानगर

ब्राझीलच्या नकाशावर अटलांटिक किनाऱ्यापासून नदीच्या रेघेवरून बोट आत आत सरकवत न्या. सुमारे १,५०० किलोमीटरवर, दाट अरण्याच्या मधोमध, एक मोठे शहर लागते. ॲमेझोनास राज्याची ही राजधानी मनाउस. २०२२ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या २० लाखांवर गेली आहे. समुद्र इतका दूर, तरी सागरी जहाजे येथे थेट धक्क्याला लागतात.

शहर वसले आहे रिओ नेग्रोच्या काठी. रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. कुजलेल्या पानांचा अर्क उतरल्यामुळे तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. शहराच्या थोडे पुढे तिला अँडीज पर्वताचा गाळ घेऊन आलेली सोलिमोंइस भेटते. दोन्ही पाण्यांचे तापमान, वेग आणि घनता निराळी. त्यामुळे काळे आणि मातकट पाणी काही किलोमीटर शेजारी शेजारी वाहते, पण एकमेकांत मिसळत नाही. या संगमापुढच्या प्रवाहालाच ब्राझीलमध्ये ॲमेझॉन म्हणतात.

१६६९ मध्ये पोर्तुगिजांनी येथे एक छोटा किल्ला बांधला. पुढे १८५६ मध्ये शहराला मनाओस या येथल्या आदिवासी जमातीचे नाव मिळाले. तोवर हे एक आडबाजूचे ठाणेच होते. त्याचे नशीब पालटले ते एका झाडाच्या चिकाने. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर बनवला. सायकली आणि मोटारी वाढल्या, तशी रबराची मागणीही वाढली. आणि उत्तम रबर देणारे झाड होते ॲमेझॉनच्या खोऱ्यात!

मनाउसमध्ये पैशाचा पूर आला. विजेचे दिवे लागले, ट्राम धावू लागल्या. ३१ डिसेंबर १८९६ रोजी भव्य ऑपेरागृहाचे उद्घाटन झाले. त्याचे बरेचसे बांधकाम साहित्य युरोपातून आले होते. घुमटावर ब्राझीलच्या झेंड्याच्या रंगांची सुमारे ३६,००० कौले बसवली आहेत.

अर्थात ही श्रीमंती मूठभरांची होती. रानात चीक गोळा करणाऱ्यांत अनेकजण ईशान्य ब्राझीलमधल्या दुष्काळाने घर सोडलेले होते. पीठ-मीठ मालकाच्या दुकानातून उधारीवर घ्यायचे आणि त्याच्याच भावाने रबर द्यायचे. कर्ज फिटायचे नावच नाही. आपल्याकडच्या वेठबिगारीचाच हा प्रकार.

ही भरभराट ओसरली ती बियांमुळे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ॲमेझॉनच्या खोऱ्यातून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांतल्या जेमतेम २,७०० रुजल्या; पण तेवढ्या पुरल्या. रोपे श्रीलंका, सिंगापूर, मलाया असा प्रवास करत गेली. केरळातल्या आजच्या रबराच्या मळ्यांचे मूळही तेथेच पोचते. अरण्यात विखुरलेली झाडे हुडकत फिरण्यापेक्षा मळ्यातले रबर स्वस्त पडे. शिवाय ब्राझीलमध्ये दाट लागवड केली, की पानांवर करपा पडून झाडे जात. १९१३ च्या सुमारास आशियाई मळ्यांनी ब्राझीलला मागे टाकले आणि मनाउसचे वैभव काही वर्षांत ओसरले.

शहराला दुसरा जन्म मिळाला तो १९६७ मध्ये. सरकारने मनाउसला करमुक्त क्षेत्राच्या भरघोस सवलती दिल्या. मग दूरचित्रवाणी संच, मोबाइल फोन, मोटारसायकली यांचे कारखाने अरण्यात उभे राहिले. सुटे भाग बाहेरून येतात आणि तयार माल हजारो किलोमीटर दूरच्या ग्राहकांकडे जातो. कारखान्यांनी शहरात रोजगार दिला, म्हणून राज्यातले जंगल बरेचसे वाचले, असे या योजनेचे समर्थक सांगतात. २०१४ मध्ये या सवलतींची मुदत २०७३ पर्यंत वाढवण्यात आली.

कायद्याने मुदत वाढवता येते, नदीचे पाणी मात्र वाढवता येत नाही. मनाउसच्या बंदरात १९०२ पासून पाण्याच्या पातळीची नोंद ठेवली जाते. जून २०२१ मध्ये पाणी ३०.०२ मीटरपर्यंत चढले आणि शहराच्या सखल भागात शिरले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते १२.७० मीटरवर उतरले, तर पुढच्याच वर्षी १२.११ मीटरवर. पूर आणि दुष्काळ, दोन्हींचे विक्रम अवघ्या चार वर्षांत झाले! मोठी जहाजे मनाउसपर्यंत पोचेनात, सुट्या भागांची वाट पाहणारे कारखाने अडचणीत आले. २०२४ मध्ये माल उतरवण्यासाठी नदीच्या खालच्या अंगाला इटाकोआतियारा येथे तात्पुरते तरंगते धक्के उभारावे लागले. काठावरच्या गावांची स्थिती तर अधिकच बिकट. त्यांना नदी हाच रस्ता. ती आटली, की शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, सारेच अडते.

म्हणूनच दक्षिणेकडे पोर्तो वेल्योला जाणारा सुमारे ९०० किलोमीटरचा महामार्ग पक्का करा, ही मागणी जोर धरते. १९७० च्या दशकात बांधलेल्या या रस्त्याचा मधला भाग देखभालीअभावी उखडून गेला आहे. रस्ता झाला तर शहराची कोंडी फुटेल, असे एक बाजू म्हणते. रस्त्यामागोमाग लाकूडतोडे आणि जमीन बळकावणारे येतील, अशी भीती दुसऱ्या बाजूला वाटते. ॲमेझॉनमधल्या इतर रस्त्यांचा अनुभव तिच्या पाठीशी आहे. आणि अरण्य गेले, तर त्याच्या ओलाव्यावर पडणारा पाऊसही घटेल. म्हणजे नदी आटते म्हणून बांधलेला रस्ता नदीच्याच मुळावर येऊ शकतो. रबराच्या पैशाने मनाउसला ऑपेरागृह दिले, सवलतींनी कारखाने दिले. पण नदी त्या दोन्हींच्या आधीची आहे आणि या शहराचा खरा आधार आजही तीच आहे.