हत्यारांवर ठपका

मराठी राज्य कां बुडालें, याचा खल करितांना कित्येक लेखक एकच उत्तर पुढें करितात: इंग्रजांच्या शिपायाजवळ चकमकीची बंदूक, आपल्या शिपायाजवळ ढाल-तलवार व तोड्याची बंदूक, मग निकाल दुसरा काय लागणार? हें उत्तर सोपें आहे, आणि स्वाभिमानास झोंबत नाहीं म्हणून प्रियही आहे. परंतु तें खरें नाहीं.

ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या ज्या कवायती पलटणी उभ्या होत्या, त्यांच्या हातांत चकमकीच्याच बंदुका होत्या. महादजींनीं डि बॉइनकरवीं ही पद्धत घालून दिली होती. आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच गृहस्थाच्या देखरेखीखालीं तोफा व बंदुका तयार होत. शिंद्यांच्या तोफांच्या माऱ्यानें मुख्यतः वेलस्लीचे दीड हजारांवर लोक ठार वा जखमी झाले. वेलस्लीचेही बहुसंख्य शिपाई याच देशाचे होते. मग उणें कोठें होतें? पलटणींचे वरिष्ठ अंमलदार परके व पगारी होते, तेथें! कंपनी सरकारचा जाहीरनामा निघतांच त्यांतील कित्येक इंग्रज चाकरी सोडून गेले. उत्तरेंतील मुख्य सेनापति पेराँ यानें त्याच महिन्यांत इंग्रजांचा आश्रय घेतला. बंदूक आपण घडविली. पलटणीचा नायक घडविला नाहीं.

हत्यार निरर्थक आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. १८६६ सालीं केनिगग्रेट्स येथें ऑस्ट्रियाचा शिपाई उभा राहून नळींत दारू ठासीत असतां प्रशियाचा शिपाई मागून भरावयाची बंदूक पडल्यापडल्या झाडीत होता. त्याचा परिणाम भयंकर झाला. पण अवघ्या चार वर्षांनीं, १८७० सालीं, फ्रेंचांची शास्पो बंदूक प्रशियाच्या त्याच बंदुकीहून जवळजवळ दुप्पट पल्ल्याची होती. तरी २ सप्टेंबर रोजीं सेदाँ येथें तिसरा नेपोलियन शरण गेला. कोणी म्हणेल, जर्मनांच्या क्रुपच्या तोफा सरस होत्या. होत्या खऱ्या, परंतु असईस तर तोफांचेंही बळ शिंद्यांकडेच होतें!

बंदूक विकत मिळते, तिची नक्कलही करितां येते. तिच्यामागें उभा राहणारा शिस्तीचा, निष्ठावंत व जाणता अंमलदार मात्र ज्या त्या राष्ट्रानें स्वतःच तयार करावा लागतो. हें ज्यांनीं केलें नाहीं, त्यांच्या वारसांनीं हत्यारांवर ठपका ठेवणें म्हणजे नाचतां येईना, अंगण वांकडें, याहून अधिक कांहीं नाहीं.