घर आणि अंगण : कोंबड्यांची दोन घरे



कोकणात आपल्या वाडवडिलांना कोंबड्या पाळण्यास फारसा विचार करावा लागत नसे. पहाटे डालगे उचलावे, मूठभर कण्या टाकाव्यात, दिवसभर कोंबड्यांनी उकिरडा व परसू उकरीत हिंडावे आणि दिवेलागणीस आपल्या पायांनी घरी परतावे. नवगाव असो, रेवदंडा असो वा पेण, रीत एकच. येथे इस्राएलात आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्यास सदनिका आल्या. तथापि ज्यांच्या घरासमोर चार हात जमीन आहे, त्यांना ही जुनी हौस पुन्हा होऊ लागली आहे. हौस चांगली आहे, परंतु जुनी रीत जशीच्या तशी येथे चालत नाही. अंगण लहान, शेजारी निकट आणि कोल्हा तर दाराशीच. २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत तेल अवीवच्या यार्कोन उद्यानात कोल्हे भर दिवसा हिंडताना दिसले, हे आपणांस स्मरत असेल. जेथे एवढे गजबजलेले शहर त्यांना वर्ज्य नाही, तेथे दक्षिणेकडील गावांची कथा काय!

म्हणून आमचे सांगणे एकच आहे : कोंबड्यांना दोन घरे द्यावीत. दिवसाचे घर हलते असावे, रात्रीचे घर पक्के असावे. आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने दिवसाच्या जाळीदार पिंजऱ्यातच कोंबड्यांना रात्री ठेवले. जाळी चोहोबाजूंनी होती, छपरावरही होती; तळ मात्र मोकळी माती होती. कोल्ह्याने कडेची माती उकरली आणि सकाळी पिसांवाचून काही उरले नाही. त्या घरातील आठ वर्षांच्या मुलीने प्रत्येक कोंबडीचे नाव ठेवले होते. आठवडाभर ती अंगणात उतरली नाही. कोंबड्या बाजारात पुन्हा मिळतात. मुलाच्या मनात बसलेली ही गोष्ट सहजासहजी जात नाही.

प्रथम दिवसाचे घर पाहू. चार कोंबड्यांस एक मीटर रुंद व तीन मीटर लांब पिंजरा पुरे. लाकडी चौकट हलकी असावी, म्हणजे दोघांना उचलता येईल. एक तृतीयांश छपरावर पत्रा किंवा फळी घालून सावली करावी. हा पिंजरा दररोज एका लांबीने पुढे सरकवावा. कोंबडी एके ठिकाणी राहिली की गवत मुळासकट उपटते, विष्ठा साठते आणि तीतून जंत व रक्ती हगवणीचे रोगबीज पुन्हा तिच्याच पोटात जाते. जागा बदलत राहिली, तर जमिनीस खत मिळते, गवतास उसंत मिळते व पक्षी निरोगी राहतो. एकदा वापरलेल्या जागेवर काही आठवडे परतू नये.

आता रात्रीचे घर, म्हणजे आपले खुराडे, ज्यास येथे लूल म्हणतात. ते जमिनीपासून हातभर उंच, फळ्यांचे, एकाच जागी स्थिर असावे. बाजारात मिळणारी षट्कोनी बारीक तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कोल्हा व मुंगूस यांना बाहेर ठेवीत नाही. खिडक्यांना सांधे जोडलेली, सुमारे १२ मिलिमीटर छिद्रांची जाड जाळी लावावी. दारास नुसता आकडा नको, कडी-कोयंडा हवा. बसण्याची दांडी चार-पाच सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेली, दर कोंबडीस वीत-सव्वावीत जागा मिळेल अशी असावी. ती अंडी घालण्याच्या पेटीपेक्षा उंच लावावी, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपून ती घाण करतात. चार कोंबड्यांस ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीची एक पेटी पुरते.

हमसिनच्या दिवसांची काळजी वेगळी. कोंबडीस घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. म्हणून खुराड्याच्या छपराखाली वारा खेळण्यास फट ठेवावी, दुपारच्या उन्हाची बाजू टाळावी व पाणी सदैव सावलीत ठेवावे. फळ्यांच्या भेगांत उवांसारखे तांबडे किडे व गोचिडी दिवसा दडतात आणि रात्री रक्त पितात. दांडीची टोके आठवड्यातून एकदा दिव्याने पाहावीत.

नव्या कोंबड्यांस प्रथम चार-पाच दिवस खुराड्यातच ठेवावे. त्यांना घर ओळखू आले की संध्याकाळी पिंजऱ्याचे दार उघडताच त्या स्वतः तिकडे चालू लागतात. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, म्हणून दिवेलागण चुकवू नये.

शब्बाथचा प्रश्न बहुतेकांच्या मनात येईल. पिंजरा शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी ताज्या जागी सरकवावा, म्हणजे रविवारपर्यंत चिंता नाही. आपल्यावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांना दाणापाणी देण्यास शब्बाथची आडकाठी नाही. परंतु त्यांना हाती घेऊ नये, आणि त्या दिवशी घातलेले अंडे शब्बाथ सरेपर्यंत तेथेच राहू द्यावे. पळालेली कोंबडी उचलून न आणता हाकीत हाकीत घरात घालावी, असा मिश्नेतही विचार आहे. दार लावण्याविषयी आपल्या रब्बींना विचारावे. सुट्टीच्या दिवशी घातलेल्या अंड्याच्या प्रश्नावरून तर ‘बेत्सा’ हे प्रकरण सुरू होते. हिल्लेल व शम्मई यांच्या शाळांत त्यावर मतभेद होता. यावरून दिसते, की कोंबडी आपल्या पूर्वजांच्या अंगणातही होती.

आरंभापूर्वी आपल्या नगरपालिकेच्या पशुवैद्याकडे परवाना व लस यांची चौकशी अवश्य करावी. राणीखेत, ज्यास आपल्याकडे मानमोडी म्हणत, हा रोग येथेही उद्भवतो. डिसेंबर २०२१ मध्ये हुला खोऱ्यात पक्षी-ज्वराने हजारो क्रौंच मेले, त्या वेळी आसपासच्या कोंबड्यांवरही संकट आले. म्हणून दाणे छपराखाली ठेवावेत, रानपाखरांस तेथे येऊ देऊ नये. कोंबडा पाळण्याची गरज नाही. त्याच्यावाचूनही अंडी मिळतात आणि शेजारीही सुखाने झोपतात.

घरातील एका मुलाकडे संध्याकाळची कडी लावण्याचे काम नेमून द्यावे व मोठ्यांनी ते रोज पाहावे. वर्गात आम्ही जबाबदारी हा शब्द फळ्यावर लिहितो. तो मुलांच्या हाती मात्र अशाच कामातून येतो.

पुढील अंकी कोंबड्यांच्या खताविषयी लिहू. ते ताजे रोपांना घालू नये, ते जाळते, एवढे आजच सांगून ठेवतो. शालोम.