फिरतें, पण पेटत नाहीं

गेल्या वर्षीं श्रावणांत आमच्या एका स्नेह्यांकडे घडलेली हकीकत प्रथम सांगतों, कारण या महिन्याचा विषय तींतूनच निघाला आहे. पहाटे साडेतीनच्या सुमारास वाईहून दूरध्वनी आला, कीं मावशींची प्रकृति अत्यवस्थ आहे, निघतां येईल तितक्या लवकर निघा. पुण्याहून वाई म्हणजे रिकाम्या रस्त्यानें दोन तासांची वाट. घरांतील माणसें पंधरा मिनिटांत तयार होऊन खालीं उतरलीं. थोरल्या चिरंजीवांनीं अंधारांतच खुंटीवरची किल्ली घेतली होती. ती लावून त्यांनीं फिरविली. इंजिन फिरूं लागलें, चांगलें जोरानें फिरूं लागलें. परंतु पेट घेईना. पुन्हां फिरविली, पुन्हां तेंच. मागच्या आसनावरून धाकट्या सूनबाई म्हणाल्या, “भावोजी, समोर तो किल्लीच्या चित्राचा दिवा सारखा लुकलुकतो आहे.” “असूं दे, तो लागतोच,” असें उत्तर मिळालें.

मग शेजारचे दोघे तिघे जागे होऊन आले आणि सर्वांनीं मिळून मोटार गल्लीच्या उतारावर ढकलली. तरीहि नाहीं. आतां होईल, मग होईल, या आशेवर चाळीस मिनिटें गेलीं. शेवटीं बॅटरीहि उतरली आणि एका दुखण्याचीं दोन दुखणीं झालीं. भाड्याची मोटार मिळून मंडळी वाईस पोंचली तेव्हां साडेआठ वाजले होते. मावशी सातच्या सुमारास गेल्या होत्या.

“मोटार सुरू होत नाहीं” या एका वाक्यांत दोन अगदीं निराळे आजार दडलेले असतात, आणि ते वेगळे न करणें हीच बहुतेक घरांतील पहिली चूक होय. किल्ली फिरविल्यावर नुसतें ‘टिक’ असें वाजलें किंवा कांहींच वाजलें नाहीं, तर संशय बॅटरी, तिच्या तारा आणि स्टार्टर यांवर घ्यावा. परंतु इंजिन जोरानें फिरत असेल, तर हीं तीनहि आपलें काम चोख करीत आहेत. अशा वेळीं शेजारच्या मोटारीची बॅटरी तारांनीं जोडणें व्यर्थ, आणि ढकलणें तर त्याहून व्यर्थ. कारण ढकलून आपण जें करतों, म्हणजे इंजिनास बाहेरून फिरवितों, तें स्टार्टर आधींच करीत असतो. शिवाय न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींत सांचत जातें आणि तेथील धूर शुद्ध करणारें महागडें उपकरण बिघडण्याचा संभव असतो, तो निराळाच. इंजिन जेमतेम कुंथत फिरत असेल, तर मात्र बॅटरीस निर्दोष म्हणतां येणार नाहीं. स्टार्टर सगळा विजेचा जोर ओढून घेतो आणि इंजिनावर देखरेख करणाऱ्या संगणकास पुरेशी वीज उरत नाहीं.

फिरणारें इंजिन पेटण्यास काय लागतें? सिलिंडरांत हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण यावें, दट्ट्यानें तें दाबून लहान करावें, आणि नेमक्या क्षणीं त्यांत ठिणगी पडावी. एवढेंच. (डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते, तेथें दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें.) या गोष्टींपैकीं कोणती चुकली हें शोधणें म्हणजेच निदान. वैद्य नाडी न पाहतां एकामागून एक काढे देऊं लागला, तर आपण त्यास दारांत उभें करणार नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र प्लग बदला, कॉइल बदला, पंप बदला, असली चिकित्सा आपण निमूटपणें सोसतों व तिचे पैसेहि भरतों.

१९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींबरोबर विजेचा स्टार्टर प्रचारांत आला. तत्पूर्वीं इंजिनास हातानें हँडल मारावें लागे, आणि आपल्याकडे अँबॅसडरसारख्या गाड्यांनीं तें हँडल पुढेंहि पुष्कळ वर्षें बाळगलें. काम कष्टाचें, क्वचित् मनगट मोडणारें. पण त्यांत एक लाभ होता. हँडल मारणाऱ्याच्या हातास इंजिनाचा दाब कळे. दट्ट्या वर येतांना हँडल जड होई, मग एकदम हलकें होई; तें जड झालेंच नाहीं, तर झडपा मिटत नाहींत किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या, हें तो माणूस बॉनेट न उघडतां सांगे. आतां तें काम कानानें करावें लागतें. निरोगी इंजिन फिरतें तेव्हां त्या घरघरींत एक ठेका असतो. दर दाबाच्या वेळीं स्टार्टर किंचित् अडखळतो व पुढें जातो. हा ठेका नाहींसा होऊन इंजिन भिंगरीसारखें एकसुरी आणि नेहमींपेक्षां जलद फिरूं लागलें, तर झडपांची उघडझांप करणारा पट्टा तुटला असण्याचा दाट संभव समजावा आणि तत्काळ थांबावें. पुष्कळ इंजिनांत पट्टा तुटल्यावर दट्टे उघड्या झडपांवर आदळतात. आणखी फिरविणें म्हणजे खर्च वाढविणें.

ठेका ठीक असेल, तर स्टार्टरला विश्रांति द्यावी. एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये आणि दोन प्रयत्नांमध्यें निदान अर्धें मिनिट जाऊं द्यावें. हें अर्धें मिनिटच खरें कामाचें. किल्ली स्टार्टरच्या अलीकडल्या टप्प्यावर आणून तेथेंच ठेवावी आणि समोरच्या दिव्यांकडे पाहावें. अलीकडच्या बहुतेक मोटारींत चोरी टाळण्यासाठीं अशी योजना असते, कीं किल्लीच्या जाड डोक्यांत एक चिमुकली चकती बसविलेली असते. कुलपाभोंवतींचें तारेचें कडें तिच्यांतील सांकेतिक अंक वाचतें. अंक जुळले तरच संगणक पेट्रोल व ठिणगी यांस परवानगी देतो. न जुळल्यास कांहीं मोटारींत स्टार्टरच फिरत नाहीं, तर कांहींत तो खुशाल फिरतो आणि इंजिन मात्र पेटत नाहीं. अशा वेळीं किल्लीचें किंवा कुलपाचें चित्र असलेला दिवा लुकलुकत राहतो. बाजारांत साध्या यंत्रावर कापून मिळणारी दुसरी किल्ली दार उघडते, कुलूपहि फिरविते. पण तिच्या डोक्यांत कांहीं नसतें.

दिवा नेहमींप्रमाणें विझला, तर कान मागच्या आसनाकडे न्यावा. किल्ली या टप्प्यावर आणतांच पेट्रोलच्या टाकींतील पंप दोनएक सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. ज्यांनीं तो आवाज मोटार नीट असतांना कधीं ऐकलेला नाहीं, त्यांस बिघाडाच्या दिवशीं तो नाहींसा झाल्याचें कसें कळावें? म्हणून आजच एकदां ऐकून ठेवावा. गुणगुण नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा, नंतर रिले. पुष्कळ मोटारींत भोंग्याचा रिले व पंपाचा रिले एकाच जातीचे असतात, त्यांची अदलाबदल करून पाहतां येते. टाकीच्या तळाशीं मुठीनें दोन ठोके दिल्यावर थकलेला पंप एकदां चालूं लागल्याचींहि उदाहरणें आहेत. मात्र तो पंप त्याच दिवशीं बदलावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.

आणि टाकींत पेट्रोल आहे ना? हंसण्यासारखा प्रश्न नव्हे. टाकींतील तरंगता गोळा अडकला, कीं समोरचा कांटा पाव टाकी दाखवीत राहतो आणि टाकी कोरडी असते. शेवटचें पेट्रोल कधीं भरलें याचा हिशेब कांट्यापेक्षां विश्वसनीय. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या मोटारीची गोष्ट आणखी वेगळी. सध्यां आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल असतें. तें पाणी शोषून घेतें, आणि पाणी फार झालें म्हणजे दोन्ही मिळून टाकीच्या तळाशीं उतरतात. पंप ओढतो तें तळचेंच.

ठिणगीची परीक्षा पूर्वीं घरोघर होत असे. प्लगची तार उपसून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरावयाची आणि निळी ठिणगी उडते कीं नाहीं तें पाहावयाचें. आजच्या मोटारींत ही रीत कोणीं करूं नये. आतांच्या कॉइलचा दाब कित्येक हजार व्होल्ट असतो. धक्का बसतो, संगणक जळूं शकतो, आणि जवळ पेट्रोलची वाफ असली तर त्याहून भयंकर कांहीं घडूं शकतें. घरच्या माणसानें दोन खुणा पाहाव्या. इंजिन कांहीं वेळ फिरविल्यावर धुराच्या नळीशीं पेट्रोलचा वास येतो काय? येत असेल तर पेट्रोल पोंचतें आहे आणि ठिणगी चुकते आहे, अथवा पेट्रोलच फाजील झालें आहे. फाजील झालें असेल तर अनेक मोटारींत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून स्टार्टर फिरविल्यास संगणक पेट्रोल बंद करून नुसती हवा आंत घेतो आणि सिलिंडर कोरडे होतात. दुसरी खूण फेऱ्यांच्या कांट्याची. इंजिन फिरत असतांना तो कांटा थोडाहि हलत नसेल, तर इंजिनाच्या मुख्य दांड्यावर नजर ठेवणारा सेन्सर मुका झाला असावा; दांडा कोठें आहे हें कळल्याशिवाय संगणक ठिणगी पाडील तरी केव्हां? हा सेन्सर पुष्कळदां तापल्यावर रुसतो आणि थंड झाल्यावर मुकाट्यानें कामास लागतो. त्यामुळें मिस्त्री येईपर्यंत मोटार शहाणी झालेली असते. पावसाळ्यांत याच सेन्सरची तार उंदरांनीं कुरतडलेली सांपडणें हें तर आपल्याकडे नित्याचें आहे. उबदार कोरडी जागा त्यांनाहि हवीच असते.

गॅरेजांत संगणकाची तक्रार वाचण्याचें यंत्र लावतात. तें उपयुक्त खरें. पण यंत्र दाखवितें तो तक्रारीचा क्रमांक, गुन्हेगाराचें नांव नव्हे. वाईची मंडळी दिवसकार्यांत गुंतलेली असतांना शेजाऱ्यांनीं ती मोटार एका गॅरेजांत पोंचविली, अर्थात् त्याच किल्लीसह. तेथें बॅटरी भरली, पंपाची गुणगुण ऐकूं येत नाहीं असें पाहिलें आणि पंप गेला असा निकाल दिला. नवा पंप बसला. तोहि मुकाच. मग दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीस बोलाविलें. त्यानें कांहीं न उघडतां समोरच्या दिव्याकडे क्षणभर पाहिलें आणि विचारलें, “घरीं दुसरी किल्ली आहे का?” ती होती. यजमानांच्या खुंटीवर टांगलेल्या कोटाच्या खिशांत, पहाटे जेथें सगळीं माणसें घाईनें चपला घालीत होतीं तेथून दोन हातांवर. खुंटीला लटकणारी किल्ली मागची डिकी उघडण्यासाठीं बाजारांत करून घेतलेली होती, आणि दोघींचीं काळीं डोकीं दिसावयास सारखीं. कोटांतल्या किल्लीनें इंजिन पहिल्या फेरींतच पेटलें. जुना पंप निर्दोष होता. त्यास हुकूमच मिळत नव्हता.

थोरल्या चिरंजीवांनीं ही हकीकत आम्हांस स्वतः सांगितली आणि लिहावयासहि त्यांनींच सांगितलें. दिवा लुकलुकतो आहे हें वाक्य आपण ऐकलें होतें, एवढेंच ते पुनःपुन्हां म्हणत होते.

आतां त्या घरीं डिकीच्या किल्लीस लाल दोरा बांधलेला आहे आणि ती खणांत असते. यंदा मावशींच्या वर्षश्राद्धास सर्वजण वाईस गेले तेव्हां मोटार सूनबाईंनींच काढली.