घोकंपट्टी कीं प्रयोग?

ज्या मुलीचा बाप पेरणीपूर्वीं मूठभर माती दाबून ओल पाहतो, तिला शाळेंत मातीचे प्रकार पाठ करावयास लावतात. जो सुताराचा मुलगा पहार लावून ओंडका हलवितो, त्याला तरफेची व्याख्या घोकावी लागते. हा उफराटा न्याय आहे.

निराळी वाट मध्य प्रदेशांतील होशंगाबाद (आतांच्या नर्मदापुरम) जिल्ह्यानें दाखविली. तेथें १९७२ सालीं किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनीं १६ शाळांतून सहावी ते आठवीसाठीं नवा विज्ञानक्रम सुरू केला. मुलांनीं चारचारांच्या टोळीनें प्रयोग करावा, दिसेल तें लिहावें, निष्कर्ष आपणच काढावा, हा त्याचा पाया. फूल उकलावयास बाभळीचा कांटा पुरे झाला. परीक्षाही बदलली. पुस्तक उघडें ठेवून उत्तरें लिहावयाचीं आणि प्रयोगही करून दाखवावयाचा. १९७८ सालीं हा क्रम जिल्हाभर पसरला. २००२ सालीं सरकारनें तो बंद केला.

यांतून आम्ही दोन धडे घेतों. परीक्षा जुनीच ठेवून पुस्तकांत नुसते प्रयोग घातले, तर मास्तर पुन्हां उत्तरेंच उतरवून देणार. आणि चांगला क्रमही एका हुकमासरशीं जातो. म्हणून गांवानें जागें राहिलें पाहिजे.

शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, मूल घरीं आलें कीं ‘काय पाठ केलेंस?’ असें विचारूं नका. ‘काय करून पाहिलेंस?’ असें विचारा. उत्तर ‘कांहीं नाहीं’ असें आलें, तर दुसऱ्या दिवशीं शाळेंत येऊन आम्हां मास्तरांस जाब विचारा.